डाएटने वजन उतरले आहे. आता शस्त्रक्रिया करावी का?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा सगळे उपाय थकल्यानंतरचा मार्ग आहे, असे मानण्याची पद्धत आहे. त्यामुळे ज्याचे डाएट फसले नाही, उलट चांगले लागू पडले, त्याने या शस्त्रक्रियेबद्दल विचारले की घरच्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच बुचकळ्यात पडतात. एवढे वजन स्वतःच्या बळावर उतरवून दाखवले, मग आता शस्त्रक्रियेची गरज काय, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण वजन उतरवणे आणि उतरलेले वजन टिकवणे ही एकच गोष्ट आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. शरीराच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यशस्वी डाएटनंतर शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः दुसरीवर ठरायला हवा.

पुढे सुचवलेला क्रम डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. सल्ला घ्यायला जाताना आपले प्रश्न नेमके असावेत आणि आपले आकडे आपल्या हाताशी असावेत, एवढाच त्याचा हेतू आहे.

उतरलेल्या वजनाशी शरीर कसे वागते

वजन घटले की चरबीच्या पेशींतून स्रवणारे आणि भूक आवरणारे लेप्टिन कमी होते, जठरातून स्रवणारे आणि भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते, आणि जेवणानंतर पोट भरल्याची जाणीव करून देणारी आतड्यांतील संप्रेरके मंदावतात. ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देऊन केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. मात्र वर्ष उलटून गेल्यावर, काही वजन परत आलेले असतानाही, ही संप्रेरके पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती आणि भूक वाढलेलीच होती. म्हणजे डाएट संपल्यावर जाणवणारी भूक हा मनाचा कमकुवतपणा असतोच असे नाही. तिला मोजता येण्याजोगे शारीरिक कारण असू शकते.

भुकेच्या जोडीला शरीराचा विश्रांतीतला उष्मांकांचा खर्चही अपेक्षेपेक्षा खाली येतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचे सरासरी ४१ किलो वजन परत आले होते, आणि तरीही त्यांचे शरीर त्या वजनाच्या मानाने रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. हे उदाहरण टोकाचे आहे. काही महिन्यांत अघोरी वेगाने उतरवलेल्या वजनाचा हिशेब सावकाश वजन उतरवणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मधुमेह असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या ‘लुक अहेड’ या दीर्घ अभ्यासात, आहार आणि व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटातील निम्म्या लोकांनी आठ वर्षांनीही मूळ वजनाच्या किमान पाच टक्के घट राखली होती, आणि चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक लोकांनी दहा टक्के किंवा त्याहून जास्त. दोन ते पाच वर्षे वजन टिकवलेल्या माणसाचे वजन पुढेही टिकण्याची शक्यता बरीच वाढते, असे वजन टिकवणाऱ्यांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. त्यामुळे ‘डाएटने उतरलेले वजन परत येतेच’ हे विधान जितके चूक, तितकेच ‘मनात आणले तर कुणालाही टिकवता येते’ हेही चूक. आपण कोणत्या गटात मोडतो, हे आपल्याच नोंदींवरून ताडावे लागते.

टिकवण्याची किंमत वहीत उतरवा

वजन उतरण्याचे थांबले, काटा एका जागी स्थिरावला, की तिथून पुढचा काळ निर्णयासाठी खरा उपयोगाचा असतो. वजन उतरत असताना उत्साह असतो, कपडे सैल होतात, लोक विचारपूस करतात. त्या दिवसांत केलेले अंदाज फसवे ठरतात. तातडीचा आजार नसेल, तर किमान सहा महिने, आणि शक्य असल्यास वर्षभर, स्थिर वजनाचा काळ पाहावा असे माझे मत आहे.

या काळात वजनाची आठवड्यातून एकदा, सकाळी, उठल्यावर शौच उरकून घेतलेली नोंद पुरे. तिच्याशेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, भूक: जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री झोपताना ती शून्य ते दहाच्या मापात किती होती. दुसरी, व्याप: त्या आठवड्यात अन्नाचे मोजमाप, आखणी, व्यायाम आणि खाण्यावरून स्वतःशी चाललेली ओढाताण यांत दिवसाचा साधारण किती वेळ गेला. तिसरी, सुटलेले दिवस: किती दिवस ठरवल्याप्रमाणे झाले नाही, त्यामागे काय कारण होते, आणि पुन्हा मार्गावर यायला एक दिवस लागला की तीन आठवडे.

वहीचे एखादे पान कसे दिसते ते पाहा. एका आठवड्यात वजन ८८.४, पुढच्यात ८८.९, मग ८८.२, रात्रीची भूक तीन-चार, व्याप अर्धा तास, प्रवासामुळे दोन दिवस सुटले, तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर. असे पान महिनोन्‌महिने येत असेल, तर त्या माणसाला शस्त्रक्रियेने वजन टिकवण्याच्या बाबतीत फारसे काही मिळणार नाही. आता दुसरे पान घ्या. वजन तेच, ८८.४ ते ८८.९, पण रात्रीची भूक आठ, दिवसातले तीन-चार तास जेवणाच्या विचारात, एक दिवस सुटला की आठवडाभर सुटतो आणि मग पुढचा आठवडा जवळजवळ उपाशी राहून भरपाई. काट्यावर दोघे सारखेच यशस्वी आहेत. शस्त्रक्रियेचा विचार गांभीर्याने करण्याचे कारण मात्र दुसऱ्याकडे आहे.

दुसऱ्या पानावरच्या सुटणाऱ्या दिवसांकडे आणखी एका कारणासाठी बारकाईने पाहावे. थोड्या वेळात खूप खाणे, खाताना आपण थांबू शकत नाही असे वाटणे, नंतर अपराधी वाटणे, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, काही महिने सतत होणे, हे खाण्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. कडक डाएटच्या यशाखाली हा विकार बेमालूम झाकला जातो. तो असेल तर आधी त्याच्यावर उपचार हवेत. शस्त्रक्रियेने जठर लहान होते, पण भावनेच्या भरात खाण्याची सवय आपोआप जात नाही.

कोणता आजार उरला आहे, ते पाहा

उरलेले आजार ही विचारात घेण्याची दुसरी मोठी बाब. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार म्हणजे स्लीप अॅप्निया, यकृतावरील चरबी, गुडघ्यांची झीज यांपैकी काय होते, डाएटनंतर त्यातले काय गेले आणि काय राहिले, याची यादी ताज्या तपासण्यांच्या आधारे करावी. घोरणे कमी झाले म्हणून स्लीप अॅप्निया गेला असे धरून चालू नये. झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी.

मधुमेहाच्या बाबतीत डाएटचे सामर्थ्य कमी लेखण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षे न झालेल्या रुग्णांपैकी ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवले, त्यांच्यातील ८६ टक्के लोकांची साखर एका वर्षानंतर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. आपण त्यांच्यापैकी असाल आणि वजन स्थिर असेल, तर मधुमेहासाठी म्हणून शस्त्रक्रिया करण्याची घाई नाही. वजन भरपूर उतरूनही साखर औषधांना दाद देत नसेल, तर मात्र चित्र बदलते. गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून अन्नाची वाट वळवणारी) आणि स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणारी) या शस्त्रक्रियांची औषधोपचाराशी तुलना करणाऱ्या ‘स्टॅम्पीड’ या अमेरिकेतील चाचणीत, पाच वर्षांनंतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचे माप) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनवर जितकी वर्षे गेली, तितका हा फायदा घटत जातो. म्हणून ‘आणखी दोन वर्षे पाहू’ हे धोरण मधुमेह नसलेल्याला परवडते. मधुमेह हटत नसलेल्याला ते महागात पडू शकते.

यादी करताना त्वचेचा विचार वेगळा करावा. बरेच वजन उतरल्यावर पोटावर, दंडांवर, मांड्यांवर सैल कातडी लोंबते, तिच्या घड्यांत घाम साचून पुरळ उठतात, आणि आरशात पाहताना अजून बरेच वजन उतरायचे बाकी आहे असे वाटते. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेने ही तक्रार जाणार नाही, उलट वाढेल. मुख्य दुःख कातडीचेच असेल, तर गाठ प्लास्टिक सर्जनशी घालायला हवी.

अपेक्षेचे गणित सर्वोच्च वजनावरून मांडा

आधीच वजन उतरवलेला माणूस अपेक्षेच्या बाबतीत सर्वाधिक फसतो तो इथे. शस्त्रक्रियेने ‘२५ टक्के वजन घटते’ असे वाचले की तो आपल्या आजच्या वजनातून २५ टक्के वजा करतो. पण अहवालांतील टक्केवारी साधारणतः शस्त्रक्रियेच्या सुमाराच्या वजनावरून काढलेली असते, आणि ते रुग्ण बहुधा आपल्या सर्वोच्च वजनाच्या आसपास असतात. शस्त्रक्रियेमुळे शरीर ज्या वजनाला घट्ट धरून बसते ते वजनच खाली सरकते, अशी आजची समजूत आहे. ती धरून चालायचे तर डाएटने आधी उतरवलेले किलो त्याच हिशेबात मोजले जातात. ते वेगळे मिळत नाहीत.

आकड्यांत पाहू. उंची १६५ सेंटिमीटर, सर्वोच्च वजन १२० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) सुमारे ४४. डाएटने वजन ९६ किलोवर आले. बीएमआय ३५, घट २० टक्के. हा माणूस ९६ मधून २५ टक्के वजा करून ७२ किलोचे स्वप्न पाहतो. सावध अंदाज वेगळा आहे. अनेक वर्षांनंतर टिकून राहणारी घट स्लीव्हमध्ये साधारण २० ते २५ टक्के आणि बायपासमध्ये २५ ते ३० टक्के धरली, आणि ती १२० वरून मोजली, तर स्लीव्हने वजन ९० ते ९६ किलोच्या आणि बायपासने ८४ ते ९० किलोच्या दरम्यान स्थिरावेल. पहिल्या दीड-दोन वर्षांत ते याहून खाली जाईल आणि मग थोडे परत येईल; हे परत येणे अपेक्षितच असते. म्हणजे स्लीव्हने आजच्या वजनातून फार तर आणखी सहा किलो उतरतील, कदाचित काहीच उतरणार नाही.

मग शस्त्रक्रिया करून मिळाले काय? मिळाले असेल ते टिकणे, आणि कमी भुकेने टिकणे. स्लीव्हनंतर घ्रेलिन खाली येते. बायपास आणि स्लीव्ह या दोन्हींनंतर जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त स्रवतात. म्हणजे डाएटनंतर जे घडते त्याच्या नेमके उलटे. म्हणून यशस्वी डाएट केलेल्या माणसाने स्वतःला विचारण्याचा प्रश्न असा आहे: पुढच्या दहा वर्षांत माझे वजन आजच्या जवळपास राहावे आणि त्यासाठीची रोजची झुंज हलकी व्हावी, एवढ्यासाठी मी शस्त्रक्रियेचे धोके आणि बंधने पत्करीन का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. वजनात आणखी मोठी घट झाली तरच शस्त्रक्रिया सार्थकी लागली असे वाटणार असेल, तर निराशेची शक्यता दाट आहे.

हे गणित सरासरीचे आहे. व्यक्तीगणिक फरक मोठा असतो. सर्जनांनी वेगळा आकडा सांगितला, तर तो कोणत्या वजनावरून आणि किती वर्षांनंतरचा, हे विचारून घ्यावे.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय मागते

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती अरुंद नळी. हे पूर्ववत करता येत नाही. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात; उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न तिथून जात नाही. छातीत जळजळण्याचा त्रास जुना असेल तर स्लीव्हबाबत विशेष सावध राहावे: फिनलंडमधील ‘स्लीव्हपास’ या चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के रुग्णांना आढळला. त्यासाठी आधी एंडोस्कोपी करून घेणे शहाणपणाचे. जठराभोवती सैल-घट्ट करता येणारा पट्टा बसवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. ती कुणी सुचवली तर कारण विचारावे.

या शस्त्रक्रियांचा दीर्घकालीन हिशेब स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘एसओएस’ अभ्यासातून सर्वांत चांगला कळतो. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचे वजन सरासरी २५ टक्के कमी होते, तर शस्त्रक्रिया न केलेल्या गटाचे जवळपास होते तिथेच होते; शस्त्रक्रियेच्या गटात एकूण मृत्यूचा धोकाही सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुभवी केंद्रांत हजारी एक ते तीनच्या घरात असते. जठराच्या टाक्यांतून गळती होणे, रक्तस्राव, पायांत किंवा फुप्फुसांत रक्ताची गुठळी हे सुरुवातीचे धोके. बायपासनंतर आतड्याला आतल्या आत पीळ बसणे आणि जोडापाशी व्रण होणे हे उशिराचे.

पण बहुतेकांचे आयुष्य बदलते ते अशा गुंतागुंतींमुळे नव्हे, तर रोजच्या बारीकसारीक गोष्टींमुळे. पहिल्या आठवड्यांत पाणी घटाघटा पिता येत नाही. छोटा पेला समोर ठेवून दिवसभर घोट-घोट घ्यावे लागते, नाहीतर शरीर कोरडे पडते. पुढे घन अन्न सुरू झाल्यावर जेवण म्हणजे चार-सहा घास, प्रत्येक घास मऊ होईपर्यंत चावलेला, अर्ध्या तासात संपणारे. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. एक घास जादा झाला की छातीत दाटून येते, तोंडाला पाणी सुटते आणि खाल्लेले वर येते. बायपासनंतर गोड जास्त झाले तर घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब, म्हणजे ज्याला डंपिंग म्हणतात, ते अर्ध्या तासात सुरू होते. एवढ्याशा खाण्यातून रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळवायची असतात.

याशिवाय गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम वेगवेगळ्या वेळी, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. रक्ततपासण्या पहिल्या वर्षी काही वेळा आणि नंतर दरवर्षी. सतत उलट्या होत असतील तर थायमिनची (बी१ जीवनसत्त्वाची) कमतरता झपाट्याने होऊन मेंदू आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते, हे घरच्या माणसांनाही माहीत असावे. बायपासनंतर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावी लागतात. संधिवातासाठी ती नेहमी घेणाऱ्याने हा मुद्दा आधीच काढावा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून अनेक ठिकाणी सहा महिने त्यासाठी औषध देतात. मद्य लवकर आणि जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढतो.

डाएट यशस्वी केलेल्या माणसाची एक जमेची बाजू इथे नोंदवायला हवी. मोजून खाणे, प्रथिनांकडे लक्ष देणे, नोंदी ठेवणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष नेमके हेच मागते.

औषधांचा तिसरा मार्ग

काही वर्षांपूर्वी डाएट की शस्त्रक्रिया एवढाच पेच होता. आता सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या साप्ताहिक इंजेक्शनांचा विचार केल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, आणि २०२२ मधील चाचणीत टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. वजन टिकवताना भूक हीच मुख्य अडचण असेल, तर ही औषधे नेमकी तिच्यावर काम करतात, आणि त्यांत काही कापावे लागत नाही. अडचण अशी की सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचे सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे औषध दीर्घकाळ घ्यायची तयारी आणि ऐपत हवी. मळमळ आणि बद्धकोष्ठता सोसवायला हवी. बीएमआय ३५ च्या खाली आलेला असेल, गंभीर आजार उरलेला नसेल आणि फक्त टिकवण्याची चिंता असेल, तर शस्त्रक्रियेआधी औषध वापरून पाहणे मला अधिक पटते. औषध सोसवले नाही किंवा पुरले नाही, तर शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होत नाही.

पात्रता, आणि वजन मुद्दाम वाढवण्याचा मोह

अमेरिकेतील १९९१ चे निकष बराच काळ प्रमाण होते: बीएमआय ४०, किंवा आजार असल्यास ३५. बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये ते बदलले. आता ३५ आणि त्यावरील बीएमआयला आजार असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे, ३० ते ३५ दरम्यान मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास तिचा विचार करावा असे म्हटले आहे, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५ पासून ती देऊ करावी असे सुचवले आहे.

मात्र विमा कंपन्या आणि सरकारी योजना जुनेच आकडे धरून असू शकतात, आणि डाएट केलेला माणूस नेमका त्या उंबरठ्याच्या खाली आलेला असतो. अशा वेळी काही जण पात्र ठरण्यासाठी पुन्हा वजन वाढवतात. असे करू नये. भूल देण्याचा धोका वाढतो, यकृत पुन्हा चरबीने फुगते आणि गेलेला आजार परत येतो. त्याऐवजी सर्वोच्च वजनाची लेखी नोंद, जुनी दवाखान्याची कागदपत्रे, तेव्हाच्या तपासण्या जमवून ठेवाव्यात, आणि पात्रता आजच्या वजनावर ठरते की नोंदलेल्या सर्वोच्च वजनावर, हे लेखी विचारावे.

कधी थांबावे

धूम्रपान चालू असेल, मद्याचे किंवा इतर व्यसन असेल, नैराश्यावर उपचार झालेले नसतील, किंवा वर्ष-दीड वर्षात गर्भधारणेचा विचार असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. शस्त्रक्रियेनंतर आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळला आहे, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांची भेट ही औपचारिकता समजू नये. घरात कुणाचे आजारपण, नोकरीतला बदल, घटस्फोट अशा धामधुमीत हा निर्णय न घेतलेला बरा.

सर्जनांकडे जाताना

वही, ताज्या तपासण्या, सर्वोच्च वजनाची नोंद आणि चालू औषधांची यादी सोबत घ्यावी, आणि घरातले एखादे माणूसही. आपण विसरलेला प्रश्न बहुधा तेच विचारते. माझ्यासाठी कोणती शस्त्रक्रिया आणि का; या वर्षभरात अशा किती केल्या; पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी किती जण अजून तपासणीला येतात; मध्यरात्री पोटात तीव्र दुखू लागले तर फोन कोण उचलते; दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता किती; माझ्या आजच्या वजनावरून पाच वर्षांनी मी कुठे असेन: हे प्रश्न टाळू नयेत. पाठपुराव्याच्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर मिळाले, तर दुसरे मत घ्यावे. पहिल्याच भेटीत तारीख ठरवण्याची घाई करणाऱ्या ठिकाणी तर नक्कीच.

होकार ठरल्यास शस्त्रक्रियेआधी दोन ते चार आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देतात. यकृत आक्रसून जठरापर्यंत पोचणे सोपे व्हावे, हे त्याचे कारण; आधीच्या यशावर विसंबून तो टाळू नये. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा या काळात डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते, नाहीतर साखर किंवा रक्तदाब एकदम खाली जातो. धूम्रपान किमान सहा आठवडे आधी सोडलेले असावे.

‘आत्ता नको’ असे ठरले, तर ते कोणत्या अटींवर बदलेल हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. सर्वांत कमी गाठलेल्या वजनापेक्षा पाच किलो वाढ झाली आणि तीन महिन्यांत ती उतरली नाही, एचबीए१सी पुन्हा ६.५ वर गेले, किंवा रक्तदाबाची बंद झालेली गोळी पुन्हा सुरू करावी लागली, तर पुन्हा सल्ला घ्यायचा, असे आकड्यांत ठरवलेले बरे. सर्वोच्च वजन पुन्हा गाठेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पुढच्या तपासणीची तारीख सहा महिन्यांनंतरची घ्यावी आणि वही तोपर्यंत चालू ठेवावी.